उजेडाची परतफेड

भातसा धरणाचं पाणी मुंबई पिते. बदल्यात मुंबई काय देते, हे पाहायचं असेल तर शनिवारी रात्री शहापूरहून भातसानगरकडे दुचाकी काढावी. फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या डोळ्यांत पांढराशुभ्र उजेड ओतून जातात. महामार्गावर निदान मधे दुभाजक तरी आहे. आतल्या रस्त्याला लागलं की तोही आडोसा संपला. आपण डिपर मारावा, तर समोरच्याला वाटतं ओळखीचं कोणीतरी नमस्कार करतंय! तो अप्पर लावूनच प्रतिनमस्कार करतो.

1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम म्हणतात, झोत कायम खाली वळलेला असावा, नाहीतर चालकाला तो खाली वळवता तरी यावा. 8 मीटरवरच्या, दीड मीटर उंचीच्या डोळ्याला तो दिपवता कामा नये. डोळ्याची उंची मोजली, गाडीमालकाच्या हौसेची राहिली. ट्रकवर ‘यूज डिपर ॲट नाइट’ रंगवलेलं असतं खरं, पण पाठीमागे. दिपवणारा येतो समोरून.

जाणते सांगतात, दिव्याकडे बघू नये, वेग कमी करावा, डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून जावं. पट्टी सापडली, तर सल्ला उत्तमच.