जुनी गाडी वेरूळला कशी न्यावी

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आहे. नवी गाडी हे अंतर तासाभरात कापते. जुन्या गाडीला किती वेळ लागेल, हे ती वाटेत किती वेळा बंद करावी लागते यावर अवलंबून असते. कारण जुनी गाडी चालते उत्तम, तिची अडचण चालू होण्याची असते. तीही रोज नसते. कधीच चालू न होणारी गाडी दुपारपर्यंत दुरुस्त होते. कधी होणारी आणि कधी न होणारी गाडी घराण्यात राहते.

अशा गाडीचे निदान घरी बसून होत नाही, कारण घरी ती बिघडत नाही. तिला प्रवासाला न्यावे लागते. वेरूळचा रस्ता यासाठी सोयीचा आहे: आधी शहरातले सिग्नल, मग ऊन, मग चढ, आणि शेवटपर्यंत सल्ला. वाळूजला १९८५ पासून बजाजचा आणि शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना असल्यामुळे इंजिनाविषयी मत नसलेला माणूस या शहरात सहसा आढळत नाही.

निदानाची पहिली पायरी कानाची आहे. चावी फिरवल्यावर तीनपैकी एक गोष्ट घडते. एक, काहीच ऐकू येत नाही. दोन, ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि पुन्हा शांतता. तीन, सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. पहिल्या दोन प्रकारांत दोष बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या करंटच्या वाटेवर किंवा सेल्फमध्येच असतो. तिसऱ्यात पेट्रोल किंवा स्पार्क यांपैकी एकाचा. हे वर्गीकरण रस्त्यावर मान्य नाही. तेथे तिन्ही प्रकारांना “कचरा आला असंल” हे एकच निदान चालते.

प्रवासाची सुरुवात सिडकोतून, सकाळी, बॅटरीपासून होते. रात्रभर उभ्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ व्होल्ट दाखवतो, १२.२ म्हणजे बॅटरी अर्ध्यावर आली. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली उतरली, तर तिची निवृत्ती जवळ आली असे समजावे. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.५ दरम्यान हवा. तो कमी असेल तर बहुधा बॅटरी निर्दोष आहे आणि अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तिला उपाशी ठेवत आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी आटते. तिला डिस्टिल्ड वॉटरच लागते, बोअरचे चालत नाही, कारण त्यातले क्षार प्लेटांना मारक ठरतात. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, तेथे बॅटरीने शुद्ध पाण्याचा हट्ट धरावा हे घरातल्या ज्येष्ठांना पटत नाही. पण बॅटरी ऐकत नाही.

मल्टिमीटर नसल्यास हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे विझत आले, तर बॅटरी कमजोर आहे किंवा जोड सैल आहे. दिवे झगझगीत राहिले आणि सेल्फ गप्प बसला, तर बॅटरीला दोष न देता इग्निशन स्विच आणि सेल्फकडे जाणारी बारीक वायर तपासावी.

पेट्रोल वाचवण्यासाठी सिग्नलला इंजिन बंद करणारे गृहस्थ पहिल्या प्रकारचा बिघाड जालना रोडवर, बहुधा क्रांती चौकाच्या आसपास अनुभवतात. सिग्नल हिरवा होतो, चावी फिरते, शांतता पसरते. ही शांतता फक्त गाडीच्या आत असते; मागे हॉर्न सुरू झालेले असतात. अशा वेळी बॉनेट उघडून टर्मिनल पाहावेत. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल किंवा क्लँप हाताने फिरत असेल, तर निदान तेथेच संपले. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ती धुवावी, क्लँप आवळावा, वरून व्हॅसलिन लावावे.

टर्मिनल स्वच्छ असतील तर संशय अर्थिंगवर जातो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने बॉडीपासून अलग असते; दोघांना जोडणारी विणीव तांब्याची पट्टी गंजली की करंट कधी पोहोचतो, कधी नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत जंपर केबल लावून सेल्फ मारला आणि तो फिरला, तर चोर सापडला. चोर सापडेपर्यंत रिक्षावाले, फेरीवाले आणि एक निवृत्त अधिकारी असे मंडळ जमलेले असते. “काका, बॅटरी बदला” आणि “नक्को उस्ताद, सेल्फच गया” असे त्यात दोन पक्ष पडतात. केबलवर गाडी चालू झाल्यावर दोन्ही पक्ष आपलेच खरे ठरल्याचे समाधान घेऊन पांगतात.

बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात, म्हणजे महावीर चौकात, एक तपासणी उरकून घ्यावी: टाकीत पेट्रोल आहे का. जुन्या गाडीचा काटा बऱ्याचदा स्वभावाने आशावादी असतो. कार्बोरेटर उघडून, जेट फुंकून, प्लग घासून झाल्यावर टाकी कोरडी निघाल्याने कुटुंबातली प्रतिष्ठा जाते, ती पुढे कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही.

नगर नाका, पडेगाव, मिटमिटा मागे पडतात आणि चहाची वेळ होते. गाडी तापलेली असते; ती बंद केल्यावर पंखा आणि वारा दोन्ही थांबतात आणि इंजिनाची धग शेजारच्या सेल्फमध्ये उतरते. पंधरा मिनिटांनी चावी फिरवली की ‘टक्’. हा दुसरा प्रकार. तो आवाज सोलेनॉइडचा असतो: तो सरकला, पण मोटार फिरली नाही. तापलेल्या तांब्याचा विरोध वाढतो, आणि आतले कार्बन ब्रश झिजलेले असतील तर उरलेसुरले बळही संपते. येथे पारंपरिक उपाय म्हणजे एकाने चावी धरायची आणि दुसऱ्याने सेल्फवर पान्याने हलकेच ठोकायचे. ब्रश जागचे हलतात, संपर्क होतो, गाडी चालू होते. जोरात ठोकू नये. काही सेल्फमध्ये आत चुंबक असतात, ते फुटतात. ठोकून चालू झालेली गाडी दुरुस्त झाली असे मानणारे लोक पुढची काही वर्षे पाना सीटखाली ठेवून हिंडतात. वास्तविक ते ठोकणे म्हणजे निदान आहे: सेल्फ उतरवून ब्रश बदलावेत.

तिसरा प्रकार दौलताबादला भेटतो. येथे जुना रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटातील दरवाजातून जातो. दरवाजा बांधला तेव्हा एसटी आणि मालमोटार समोरासमोर येण्याचा विचार झालेला नव्हता. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी येथे हलवली आणि काही वर्षांनी परत नेली. त्याची कारणे इतिहासकारांनी दिली आहेत, पण मे महिन्यात या दरवाजात अडकलेल्यांना वेगळे कारण शोधावे लागत नाही.

कोंडीत कार्बोरेटरची गाडी, म्हणजे प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीच्या काळातली मारुती ८००, रेंगाळत चालते. पेट्रोलचा पंप इंजिनावरच बसवलेला असल्याने नळीतले पेट्रोल तापून त्याची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी केलेला असतो. वाफ त्याच्या हाती लागत नाही. सेल्फ जोमाने फिरतो, इंजिन ढिम्म. ओला फडका पंपावर आणि नळीवर ठेवून थांबावे. रसवंतीवाल्याकडून बर्फ मागितला तर मिळतो, मात्र आधी चार ग्लास रस घ्यावा लागतो. तेवढ्या वेळात इंजिन आपोआपही निवते, त्यामुळे गुण बर्फाचा की रसाचा हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध होत नाही. निवल्यावर चालू झाली तर वाफेचे निदान बळकट झाले. न झाल्यास प्लग काढून स्पार्क पाहावा, पेट्रोलच्या वासापासून दूर. पॉइंटच्या गाड्यांत जळलेले पॉइंट, थकलेला कंडेन्सर आणि तापल्यावर दगा देणारी कॉइल हे तीन नेहमीचे संशयित.

घाट चढून खुलताबादला आले की इंजेक्शनच्या गाड्यांचा पाठ सुरू होतो. मारुती ८०० चे उत्पादन १९८३ ते २०१४ चालले आणि उत्तरार्धात तिचा कार्बोरेटर गेला. इंजेक्शनच्या गाडीचा पंप टाकीत असतो. चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. ती नसेल तर फ्यूज, रिले, पंप या क्रमाने पाहावे. गुणगुण आहे, सेल्फ फिरतो, पण स्पार्क नाही, तर क्रँक किंवा कॅम सेन्सर. तो तापल्यावर मुका होतो आणि निवल्यावर साळसूदपणे बोलू लागतो. खुलताबादचा भद्रा मारुती पहुडलेल्या अवस्थेत आहे. त्याच्या दारात गाडीनेही तसेच केले, तर ती नावाला जागली म्हणून हात जोडण्याआधी गुणगुण ऐकावी.

श्रावणी शनिवारी येथे शहरातून पायी आलेल्या भाविकांची गर्दी असते, म्हणून धक्का मारायला माणसे कमी पडत नाहीत. चावी ‘ऑन’, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आल्यावर क्लच सोडायचा. धक्क्याने चालू होणारी गाडी सेल्फ किंवा बॅटरीकडे बोट दाखवते. धक्क्यानेही न होणारी पेट्रोल-स्पार्ककडे. इंजेक्शनच्या गाडीला मात्र पंप आणि कॉम्प्युटरपुरती तरी बॅटरी लागते. ती पूर्ण मेलेली असेल, तर धक्का फक्त भाविकांच्या खात्यावर जमा होतो.

वेरूळला गाडी उतारावर, तोंड खाली करून लावावी आणि कैलास लेणे पाहून घ्यावे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात ते कळसापासून खाली कोरत आणले गेले. जुन्या गाडीचे कामही वरूनच सुरू करावे: बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, फ्यूज, रिले, मग स्पार्क, पेट्रोल, आणि शेवटी खाली दडलेला सेल्फ. खालून सुरुवात करणाऱ्यांची मजुरी वाढते.

परतल्यावर गाडी मिस्त्रीपुढे उभी केली की ती पहिल्या चावीला चालू होते. हा तिचा धर्म आहे. म्हणून मिस्त्रीला गाडीबरोबर नोंद द्यावी: कुठे बंद पडली, इंजिन तापलेले होते की गार, किती वेळ उभी होती, आवाज कोणता आला, दिवे मंदावले का. ‘कधी कधी चालू होत नाही’ एवढ्या तक्रारीवर मिस्त्री फक्त मान डोलावू शकतो. नोंद असेल तर तो गाडी मुद्दाम तापवतो, संशयित वायर चालू इंजिनात हलवून पाहतो, रिलेला गरम हवा देतो. भाग एका वेळी एकच बदलावा. चार बदलले तर गाडी बरी होते, पण कशाने झाली हे कळत नाही आणि बिल चारांचे येते.

दुरुस्तीची परीक्षाही ज्या परिस्थितीत बिघाड झाला, त्याच परिस्थितीत घ्यावी. जानेवारीच्या सकाळी सिडकोत चालू झालेल्या गाडीविषयी काहीही सिद्ध होत नाही. तीच गाडी मेमध्ये, दुपारी दोनला, दौलताबादच्या दरवाजात बंद करून पंधरा मिनिटांनी चालू झाली, तर ती दुरुस्त झाली असे लिहून ठेवण्यास हरकत नाही.