स्वदेशी उसनवारी

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वाटता येते असे सॉफ्टवेअर, तंत्रप्रेमींच्या मते साऱ्या जगाचे असते; मात्र त्यावर चेन्नईचा शिक्का बसला की ते तत्काळ राष्ट्राचे होते. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही संगणकप्रणाली जगभरच्या स्वयंसेवकांनी घडवलेल्या डेबियन लिनक्सवर उभी होती, तर जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखाली अवतरलेली ‘भारओएस’ ही मोबाइलप्रणाली अँड्रॉइडच्या मुक्त संहितेवर. अशी उसनवारी हा दोष नव्हे, परवान्यानेच दिलेला तो हक्क आहे. तथापि परकीय मक्तेदारी संपल्याची द्वाही फिरवणारा तंत्रप्रेमी ती द्वाही विंडोजवर टंकतो, अँड्रॉइडवरून धाडतो आणि ‘बॉस’ वापरण्याचे राष्ट्रकार्य मोठ्या मनाने शेजाऱ्यावर सोपवतो.