अर्जनवीस

कचेरीसमोरच्या झाडाखाली सतरंजी, सतरंजीवर डेस्क, डेस्कामागे हा. कानावर बोरू, नाकावर चष्मा, तोंडात 'मायबाप सरकार'. वऱ्हाडात असा अर्जनवीस मेहकरला होता, मलकापूरला होता. पण जिल्ह्याचं ठाणं म्हणून बुलढाण्याचा जरा जास्त तोऱ्यात.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मालक एक, कारभारी दुसरा, म्हणजे अर्जनवीसाची चांदीच. कागद इथून अमरावतीच्या कमिशनराकडे, तिथून हैदराबादच्या रेसिडेंटाकडे. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं, तेव्हा कागद नागपूरकडे वळला. उशीर झाला की स्मरणअर्ज, आणि त्याची दक्षिणा वेगळी.

शाळांचे अर्ज हा त्याचा हातखंडा. कुणाला उर्दू शाळा हवी, कुणाला मुलींची, कुणाला निव्वळ आपल्या ज्ञातीची. उर्दूवाल्यांचं म्हणणं सरळ होतं: पोराला कळेल त्या भाषेत शिकवा. पण याला सरळ लिहिणं कमीपणाचं वाटे. 'आमची बालके परक्या मुलांच्या संगतीने बिघडतात,' हे वाक्य प्रत्येक अर्जात पडायचंच. सकाळी ज्यांच्या संगतीनं बिघडत, तेच दुपारी दक्षिणा घेऊन हजर; त्यांचीही बिघडत होती. वेगळेपणाची सगळी मागणी एकाच वळणाच्या मोडीत वर जाई.

याच बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनराच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. त्यांच्या लेकीनं, ताराबाईंनी, १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. ते काही अर्ज नव्हे. अर्जनवीसाच्या दृष्टीनं मसुदाच चुकला. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी शिक्षणाच्या हंटर आयोगाला कळवलं, की महार-मांगांच्या मुलांना जातीच्या आकसापायी इतरांजवळ बसू देत नाहीत, तिथं त्यांना वेगळ्या शाळा द्या. हाही वेगळेपणाचाच अर्ज, पण तो दाराबाहेर ठेवलेल्यांचा. हा फरक आमच्या गृहस्थाच्या दरपत्रकात नव्हता.

एका बाजारच्या दिवशी एक महार बाप पोराला घेऊन आला. यानं विचारायच्या आतच 'वेगळी शाळा' लिहून टाकलं.

"वेगळी नाही मांगत जी. हाये त्याच शाळेत आत घ्या म्हना. मास्तर पोराले पडवीत बसवते."

बोरू थबकला. असा अर्ज त्याला ऐकून ठाऊक होता. १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलानं सरकारी शाळेत घ्या म्हणून मुंबई सरकारकडे दाद मागितली होती, आणि एकट्यापायी बाकीची शाळा ओस पडेल म्हणून सरकारनं हात वर केले होते. शिवाय 'परक्या संगती'चं वाक्य इथं कुठं बसवावं?

"नवा मसुदा करावा लागेल," तो म्हणाला. "दोन आणे जास्त."

बापानं कनवटीचे दोन आणे काढून सतरंजीच्या कडेला ठेवले. अर्जनवीसानं ते उचलले, 'मायबाप सरकार' लिहिलं आणि अडला. तपशिलाशिवाय त्याचा हात चालत नसे.

"पडवी केवढी आहे?"

बापानं पोराकडे पाहिलं.

"साडेसात हात," पोर म्हणालं. "पावसात चारच."