आदी मान्यवर

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून दर ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. शाल-श्रीफळ मिळतं ते बातमीदारांना. रात्रपाळी करून पहाटे घरी पोचलेला उपसंपादक त्या वेळी घोरत असतो. संध्याकाळी कामावर आला, की त्याच सत्काराची बातमी तो दोन परिच्छेदांत बसवतो आणि ‘आदी मान्यवर उपस्थित होते’ असा शेवट करून पान सोडतो.

मी तो उपसंपादक. घरच्यांच्या लेखी मी नुसता ‘पेपरात’ आहे. शेजारचे काका बरेच दिवस अंकात माझं नाव शोधत होते. ते कुठेच सापडेना, तेव्हा मी पेपर टाकण्याच्या लाइनीवर असणार असा त्यांनी समज करून घेतला. एका पावसाळी सकाळी जिन्यात गाठून त्यांनी मला झापलं, ‘‘आज अंक भिजलेला होता. जरा प्लास्टिकात घालत जा!’’

तालुक्याहून येणाऱ्या बातमीत आधी प्रतिमापूजन होतं, मग दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक. त्यानंतर माजी सरपंचांपासून ह.भ.प.पर्यंत सगळं गाव उपस्थित असतं. पुलाला निधी मिळाला, ही खरी बातमी आभारप्रदर्शनाच्या आडोशाला अंग चोरून उभी असते. तिला ओढून इंट्रोत आणायचं, दोन नावं ठेवायची आणि उरलेलं गाव ‘आदी’त कोंबायचं. तोवर डाक आवृत्तीची वेळ होते, पीटीआयची इंग्रजी कॉपी भाषांतरासाठी येऊन पडते आणि सिंगल कॉलमच्या जाड मथळ्यात ‘मुख्यमंत्री’ मावत नाहीत. रोज हेच केल्यावर हाताला खोड लागते. समोर मजकूर आला, की कात्री चालते.

अशात मावसभावाचं लग्न ठरलं. मावशी म्हणाली, ‘‘तू पेपरात आहेस ना? मग पत्रिका तेवढी नजरेखालून घाल.’’

प्रेसवाल्याने पाठवलेलं प्रूफ शहर आवृत्ती सोडल्यावर उघडलं. ‘आशीर्वाद’चा ‘आर्शीवाद’ झाला होता. ‘वा’वरचा रफार एक घर अलीकडे सरकून ‘शी’च्या डोक्यावर बसला होता. तो जागच्या जागी आणला. मावशीची अपेक्षा एवढीच होती. पण मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता तळाशी लोळत असलेले पाहून मला राहवेना. बातमी ती होती! ती वर घेतली. त्यामुळे कुलस्वामिनी खाली आल्या. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ पुनरुक्ती म्हणून उडवली. मग आली ‘आपले विनीत’ची यादी. दोन्ही बाजूंचे काका, मामा, आत्या, जावई, सगळे सहकुटुंब. मी पहिली दोन नावं ठेवली आणि पुढे लिहिलं, ‘आदी आप्तेष्ट’.

पेपरातल्या माणसाने तपासलंय म्हटल्यावर मावशीने ते न वाचताच छापायला दिलं.

पत्रिका वाटल्या गेल्या, तशी आप्तेष्टांची तोंडं फिरली. लग्नात आत्याबाईंच्या अक्षता वधूवरांपेक्षा मलाच जास्त लागल्या. थोरल्या काकांनी सर्वांसमक्ष विचारलं, ‘‘माझ्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मी आदी?’’ पत्रिकेत व्याकरणाची एकही चूक नाही, हे मी त्यांच्या नजरेला आणून दिलं. ते शांतपणे पंगतीत गेले आणि वाढप्याला म्हणाले, ‘‘ह्यांना जिलब्या दोनच घाला. बाकीच्या आदी.’’

निघताना मावशीने जुनं प्रूफ माझ्यापुढे धरलं. ‘‘तुझं नाव आयुष्यात कुठे छापून येत नाही, म्हणून मी मुद्दाम घालायला लावलं होतं रे!’’ विनीतांमध्ये खालून तिसरं नाव माझं होतं. ते मी वाचलंच नव्हतं. यादी वाचायची नसते, कापायची असते, हे आमच्या डेस्कवर पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

तेव्हा वाचकहो, घरी कार्य निघालं तर पत्रिका उपसंपादकाला जरूर दाखवा. रफार, वेलांट्या, उकार तो चोख लावून देईल. फक्त तो ‘आपले विनीत’पर्यंत पोचायच्या आत प्रूफ त्याच्या हातातून काढून घ्या.