सरकारी शेजघर

ब्रिटिश सरकारवर वाटेल ते आरोप करा, पण आपली प्रजा रात्री कुठे आणि कोणाशेजारी झोपते याची इतकी काळजी क्वचितच एखाद्या सरकारने वाहिली असेल. 1 एप्रिल 2013 पासून (तारीख त्यांनीच निवडली, आम्ही नव्हे) तिथे नियम असा: तुम्ही नगरपालिकेच्या किंवा ना-नफा गृहसंस्थेच्या घरात भाड्याने राहता, भाड्यासाठी सरकारी मदत घेता आणि घरात एक बेडरूम जास्त निघाली, तर भाड्याच्या 14 टक्के मदत कापली जाणार. दोन किंवा अधिक निघाल्या तर 25 टक्के. लोक याला 'बेडरूम टॅक्स' म्हणतात आणि सरकार रागावतं. हा कर नाहीच म्हणे, 'जादा खोलीचं अनुदान' तेवढं बंद केलं. असलं अनुदान आपल्याला मिळत होतं, हे भाडेकरूंना ते बंद झाल्यावरच कळलं.

आता जास्त खोली कुठली? दहा वर्षांखालच्या दोन मुलांनी, भाऊ-बहीण असले तरी, एका खोलीत झोपायचं. दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुली असल्या तर सोळाव्या वर्षापर्यंत. त्यामुळे नऊ वर्षांच्या ताईला धाकट्या भावापासून वेगळी खोली दिली, तर तो सरकारी तिजोरीवर दरोडा. तिने दहाव्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवल्या की तीच खोली एका फुंकरीत गरजेची होते. पुढे ती नोकरीसाठी परगावी गेली की खोली पुन्हा गुन्हेगार. घटस्फोटित बापाकडे शनिवार-रविवारी मुलं राहायला येतात, त्यांचं काय? त्यांना सोफा-कम-बेडवर झोपवा, असं कल्याणखात्याचे मंत्री लॉर्ड फ्रॉइड यांनी सुचवलं. वर्तमानपत्रांनी मग त्यांच्याच गावाकडच्या घरातल्या बेडरूम मोजल्या. त्या आठ भरल्या. इतकं सगळं मोजणाऱ्या नियमात एकच गोष्ट राहून गेली: बेडरूम म्हणायला खोली निदान किती मोठी हवी, हे त्यात लिहिलेलंच नाही. पलंग ठेवला की दार उघडत नाही अशा खोल्यांवरून मग न्यायाधिकरणांत वकील फूटपट्ट्या घेऊन भांडले.

दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपलेली पाहिलेल्या मराठी वाचकाला वाटेल, एवढं काय त्यात? वाटू द्या. सरकारचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा अठरा लाखांच्या आसपास कुटुंबं सरकारी घराच्या रांगेत होती, दाटीवाटीने राहणारीही पुष्कळ. शिवाय खासगी घरात भाड्याने राहणाऱ्यांची मदत 2008 पासून बेडरूम मोजूनच मिळत होती, आणि तो नियम मजूर पक्षाचा. मग पालिकेच्या भाडेकरूंचेच लाड का?

ठीक. एकट्या जिवाने दोन बेडरूमचं घर सोडावं आणि एका बेडरूमचं घ्यावं. पण ते आहे कुठे? पालिकांनी वर्षानुवर्षं बांधली ती कुटुंबांसाठीची घरं. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या 1980 च्या कायद्याने त्यांतली लाखो भाडेकरूंनाच स्वस्तात विकली, त्या प्रमाणात नवी बांधली नाहीत, आणि मग उरलेल्या घरांतल्या माणसांना विचारलं की लहान घरात का जात नाही?

कोणी जाणार नाही, हे हिशेबनीसांना ठाऊक असावं. वर्षाला सुमारे 50 कोटी पौंड वाचतील असा अंदाज होता. भाडेकरू खरंच हलला आणि त्याच्या घरात रांगेतलं मोठं कुटुंब आलं, तर त्या कुटुंबाला पूर्ण मदत द्यावी लागणार. भाडेकरू नाइलाजाने खासगी घरात गेला, तर तिथलं भाडं बहुधा चढंच. म्हणजे तिजोरी भरायची तर त्याने जागचं हलायचं नाही, दर आठवड्याला सरासरी 14 पौंडांचा फटका सोसत मुकाट बसायचं. पहिल्या सहा महिन्यांत फक्त 4.5 टक्के लोक लहान सरकारी घरात गेले. सरकारला बेशिस्त प्रजा हवी होती, ती मिळाली.

पेन्शनरांना यातून वगळलं. मुलं उडून गेलेली, खोल्या ओस पडलेली घरं खरी त्यांची, पण म्हातारी माणसं न चुकता मतदान करतात. ज्यांच्यावर कुऱ्हाड पडली त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश घरांत अपंग व्यक्ती होती, हा अंदाज खुद्द सरकारी खात्याचा. आजारामुळे एका पलंगावर झोपू न शकणारं जोडपं, रात्री अपंग नातवाजवळ थांबणाऱ्या मदतनिसाला खोली देणारे आजी-आजोबा, यांच्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि 2016 मध्ये हरलं. त्या खटल्यांवर झालेल्या खर्चात किती बेडरूम बसल्या असत्या, हे मात्र कोणी मोजलं नाही.

बाकीच्यांनी आपापली वाट काढली. स्कॉटलंडच्या सरकारने कापलेले पैसे आपल्या खिशातून भरून दिले. नॉटिंगहॅम आणि लीड्सच्या पालिकांनी काही बेडरूमना बेडरूम म्हणायचंच सोडलं. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने पाहणीला आलेल्या ब्राझीलच्या राकेल रोल्निक यांनी कपात थांबवा म्हटलं, तर तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष ग्रँट शॅप्स यांनी थेट संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांकडे त्यांचीच तक्रार केली. पाहुण्यांसाठी जादा खोली नसली की असंच होतं.

आमचं सरकार आलं की हे रद्द, असं मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते एड मिलिबँड 2013 मध्येच बोलून बसले. 2024 मध्ये सरकार आलं, मिलिबँड त्यात मंत्रीही झाले, कपात मात्र चालूच राहिली. आश्वासन कुठल्या खोलीत ठेवलं ते सापडत नसेल. सरकारी इमारतींत जादा खोल्या फार.