पातळ कॅरीबॅगेस खुले पत्र

प्रति,
सौ. पातळ कॅरीबॅग,
मु. विंचरणा नदीचा काठ, जामखेड.

सा. न. वि. वि.

२३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात आपल्यावर बंदी अमलात आहे. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार दंड, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि वर तीन महिन्यांची कैद. तरीही दहा रुपयांच्या कोथिंबिरीवर आपण फुकट मिळता, याबद्दल अभिनंदन! पावती फाटलीच तर ती पाटीवाल्या भाजीवालीच्या नावाने फाटते. आपल्या माहेरच्या कारखान्याचा पत्ता कोणी विचारत नाही. ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवी १२० मायक्रॉनची हवी, असं दिल्लीनेही ठरवलं. पण जाडी मोजायचं यंत्र गिऱ्हाइकाकडे नसतं आणि ज्याच्याकडे असतं तो बाजाराच्या दिवशी नसतो.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. खेड्यापाड्यांतल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. तो धडा गिरवायला परदेशातूनही माणसं इथे येतात. शोषखड्डे खणून सांडपाणी जिरवलं आणि डासांची सोय मोडली, ती याच कामातून. आपण गटारीत आडव्या पडून ती पुन्हा लावून दिलीत. शिकायला येणाऱ्यांना आता हेही दाखवावं म्हणतो.

गाईशी आपलं विशेष सख्य. उष्ट्या भाकरीसकट ती आपल्याला गिळते. आपण ना रवंथ होता, ना पुढे सरकता. पोटात गोळा वाढत जातो आणि गाय भरल्या पोटी उपाशी मरते. गोमातेचे फलक मात्र चौकाचौकात झळकतात. तेही फ्लेक्सचे, म्हणजे आपल्याच भावकीतले. सकाळी झाडलोट झाली की आम्ही तुम्हा सगळ्यांना एका ढिगात काडी लावतो. फ्लेक्समधल्या पीव्हीसीमुळे धुरात डायॉक्सिनही येतं आणि ते शेजारच्या अंगणवाडीला घरपोच मिळतं.

२०२४ साली इटलीतल्या डॉक्टरांनी २५७ रुग्णांच्या मानेतल्या रोहिणीतून काढलेला चरबीचा थर तपासला. १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन, म्हणजे आपलंच कूळ निघालं. पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका प्लास्टिक सापडलेल्यांमध्ये साडेचार पट दिसला. कारण प्लास्टिकच, हे अजून सिद्ध झालेलं नाही. तेव्हा संशयाचा फायदा आपल्याला. तसा तो आपल्याला नेहमीच मिळतो.

कळावे, लोभ आहेच. तो सुटत नाही हीच अडचण.

आपले,
कापडी पिशवी घरी खुंटीला टांगून बाजारात येणारे
समस्त जामखेडकर