लॉर्ड नॉर्थ यांस, चंडीगडहून

ब्रिटनचे माजी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांस,

चहावरच्या करापायी अमेरिका घालवली, हा ठपका आजही आपल्या नावावर आहे. तो अन्यायाचा आहे, असे चंडीगडहून पाहणाऱ्याला वाटते. आपण कर लावलात ही चूक नव्हती. हक्काचा डांगोरा पिटलात, ही होती. मुद्रांक कायदा 1765 चा. वसाहती खवळल्या, म्हणून पुढच्याच वर्षी आपल्या संसदेने तो मागे घेतला आणि त्याच दिवशी दुसरा कायदा केला, की वसाहतींसाठी वाटेल त्या बाबतीत कायदे करण्याचा अधिकार आमचाच. पैसे सोडले, पण हक्काची पावती हवी होती. 1770 मध्ये आपण काच, कागद, रंग यांवरचे कर काढलेत आणि पौंडामागे तीन पेन्सचा चहावरचा तेवढा ठेवलात. 1773 मध्ये चहा उलट स्वस्त पडणार होता, तरी बोस्टनच्या बंदरात लोकांनी त्याच्या 342 पेट्या बुडवल्या. दुखणे खिशाचे नव्हतेच.

आपल्या त्या पावतीनंतर बरोबर 200 वर्षांनी, 1966 मध्ये, पंजाब पुनर्रचना कायद्याने चंडीगड केंद्रशासित झाले. त्यातले 87 वे कलम वाचा म्हणजे हेवा वाटेल: कोणत्याही राज्यात चालू असलेला कायदा केंद्राने अधिसूचना काढून, हवे ते फेरफार करून इथे लागू करावा. विधानसभाच नाही, म्हणून हुज्जतही नाही. 2025 च्या एप्रिलपासून केंद्राच्या हाताखालच्या प्रशासनाने घरांवरचा मालमत्ता कर तिप्पट केला. महापालिकेत 35 निवडून आलेले नगरसेवक आहेत, तिथे विरोध झाला. ओरड वाढल्यावर दर थोडे उतरले. ठरवणारा हात मात्र तोच राहिला. (महापौरपद तर वर्षभराचेच. तेवढ्यासाठीही 2024 मध्ये आठ मतपत्रिका बाद ठरवल्या गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाला निकाल फिरवावा लागला.)

ही तुलना ओढूनताणून आणलेली आहे, असे कोणी म्हणेल. बोस्टनचा एकही खासदार लंडनच्या संसदेत नव्हता, चंडीगडचा लोकसभेत एक आहे. फरक मान्य, आणि तो लहान नाही. पण 543 मधला एक खासदार शहराच्या घरपट्टीचा दर ठरवत नाही. राज्यसभेत तर विधानसभेअभावी कोणीच नाही. आपल्या बाजूचे लोकही सांगत, बोस्टनला खासदार नाही, तर मँचेस्टरला तरी कुठे आहे? 1832 मध्ये मँचेस्टरला जागा द्यावी लागली आणि तो दाखला संपला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शहर नेटके आहे, केंद्र पैसा देते, तक्रार कसली? नेटकेपणा खरा. पण रुंद रस्ते कर ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर देत नाहीत. आणि महापालिका कंगाल आहे म्हणून कर वाढवला, हा युक्तिवाद युद्धाचे कर्ज फेडायला वसाहतींवर कर हवा, या आपल्या युक्तिवादाचाच धाकटा भाऊ. मराठी वाचकाने चंडीगडला हसू नये, कारण मुंबई महापालिकेतही मार्च 2022 पासून काही वर्षे प्रशासकच अर्थसंकल्प मांडत होते आणि मंजूरही तेच करत होते. तिथे कोणी समुद्रात काही फेकले नाही.

इथेही फेकणार नाही. इथल्या सुखना तलावात चहाच्या पेट्या ओतायच्या झाल्या, तर आधी प्रशासनाकडे परवानगीचा अर्ज करावा लागेल, शुल्कासह.

कळावे,
एक नियमित करदाता